लोंढ्याची चिठ्ठी

लोंढा हा शब्द मी आयुष्यात दोन वेळा चिठ्ठीवर लिहिला. पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्याचा अर्थ मला एका बाईने सांगितला. दुसऱ्यांदा लिहीत होतो तेव्हा आमच्या इमारतीतला एक माणूस बुडून मेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी शब्दांविषयी बरंच बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हे गृहस्थ विद्वत्ता पाजळताहेत. पाजळतोच आहे. सबंध जन्मात दुसरं काही केलेलं नाही.

माझी नोकरी एका शब्दकोशाच्या कार्यालयात झाली. कसबा पेठेतल्या एका बोळात, तांब्याची भांडी ठोकणाऱ्या दुकानावर, दोन खोल्यांचं ते कार्यालय होतं. खाली दिवसभर ठोकाठोक चालायची आणि वर आम्ही चार माणसं शब्दांवर डोकं फोडत बसायचो. खालची भांडी निदान विकली जायची. आमच्या कोशाचा खंड पाच-सहा वर्षांतून एकदा निघायचा आणि तो घेणारे एक तर ग्रंथपाल असायचे, नाही तर चुका काढणारे.

कामाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची. तिच्यावर शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचं गाव, अंदाजे वय, वेळ, आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं. आणि नियम असा की अर्थ सांगणारी माणसं दोन हवीत, एकमेकांना न ओळखणारी. त्यांना आम्ही साक्षीदार म्हणायचो. आमचे संपादक म्हणत, "एकाने सांगितली ती गप. दोघांनी सांगितला तो अर्थ." ज्या चिठ्ठीला एकच साक्षीदार असेल ती 'अपुरे' असं लिहिलेल्या पत्र्याच्या पेटीत जायची आणि बहुधा तिथेच राहायची.

हा नियम माझ्या अंगात फार भिनला. बायकोने घरात म्हटलं, "पाऊस आलाय, दोरीवरचे कपडे काढा," तर मी आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघायचो. ती म्हणायची, "मी काय खोटं सांगतेय?" मी म्हणायचो, खोटं नाही, अपुरं. ती हसायची. तोवर कपडे भिजलेले असायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी आमचा कोश ल या अक्षराला येऊन पोचला. पाण्याचे शब्द मराठीत इतके आहेत की त्यांच्यात माणूस गटांगळ्या खातो. ओघ, लोट, झोत, पूर, खळाळ, लोंढा. त्यातल्या काहींचं कूळ सरळ आहे. पूर म्हणजे मुळात भरणं. पुरणं, पुरे, संपूर्ण, हे सगळे त्याच घरचे. नदी भरली की पूर. ओघ तर संस्कृतातून चपला न काढता थेट आत आलेला. पण लोंढ्याचं कूळ कुणाला लागेना. आमच्यातले एक गृहस्थ म्हणत, हा लोटणे, लोळणे, लोटांगण यांचा भाऊबंद. पाणी लोळत येतं म्हणून लोंढा. दुसरे म्हणत, मधला अनुस्वार कुठून आला ते सांगा, मग भाऊबंदकी काढा. या अनुस्वारावर दोन आठवडे चहा झाला. शेवटी संपादकांनी व्युत्पत्तीच्या जागी प्रश्नचिन्ह घालायला सांगितलं आणि मला म्हणाले, "शहरात बसून पाणी कळत नाही. जरा बाहेर जाऊन या."

म्हणून मी बसने सोलापूर रस्त्याला लागलो. लोणी काळभोरच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, एक गाव होतं. तेव्हा गावच होतं. महापालिकेत पुढे आलं. गावाच्या कडेने एक ओढा घाटाकडून उतरतो. त्या ओढ्याच्या काठी शेवटचं घर एका बाईचं. तेव्हा ती पन्नाशीची असेल. दारात दोन म्हशी, मागे मेथीची भाजी, आणि मी उन्हात उभा राहून विचारतोय की पाण्याला काय म्हणता. तिने मला आधी वीजबिलवाला समजून उत्तरं दिली. मग कळल्यावर खो खो हसली आणि घोंगडी टाकून बसवलं.

मी विचारलं, "ओढ्याला जोरात पाणी आलं की काय म्हणता?"

"पूर."

"आणि लोंढा?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हैस आणि रेडा एकच का, असं विचारलं होतं. म्हणाली, "पूर येगळा, लोंढा येगळा. पूर चढतो. पायरी पायरीनं चढतो. त्येच्याकडं माणूस बसून बघतंय. लोंढा येतो. हितं पाऊस नसतोय, चांगलं ऊन पडल्यालं आसतंय, आन् तिकडं घाटात फुटल्यालं आसतंय आभाळ. वढा कोरडा ठाक, आन् येकदम भिताड आल्यागत पाणी येतंय. पावसात येतो त्यो पूर. बिनपावसाचा येतो त्यो लोंढा."

असा अर्थ आमच्याकडे नव्हता, कुठल्याच कोशात नव्हता. मी तिचं बोलणं चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"काय करता म्हंजी? हाक द्याची."

आणि तिने सगळं सांगितलं. ओढ्याकाठी वरपासून खालपर्यंत घरं होती. वरच्या घराला आधी आवाज यायचा, रिकामी ट्रॉली खडीवरून पळवावी तसा. त्याने 'लोंढाऽ' म्हणून हाक द्यायची. खालच्या घराने ती ऐकली की हातातलं काम टाकून पुढची हाक द्यायची, मग त्याच्या खालच्याने. पाण्याच्या आधी हाक गावाच्या टोकाला पोचायची. काय झालं, कुठे झालं, हे विचारायचं नाही. आभाळाकडे बघायचं नाही. ऐकलं त्याने पुढे हाक द्यायची, एवढंच. गोठ्याच्या मेढीला एक विळा टांगलेला होता, त्याने गवत कापत नसत. लोंढ्याच्या वेळी जनावराचं दावं सोडत बसायला वेळ नसतो. ते कापायचं, त्यासाठी तो.

तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मधल्या एका घरातली माणसं लग्नाला गेली होती. घराला कुलूप. वरची हाक तिथे येऊन थांबली. खाली धुणं धूत बसलेल्या दोघी गेल्या. त्यातली एक तिची जाऊ. हे सांगताना तिने आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. "मदी हाक तुटली," एवढंच म्हणाली. मी तेही वाक्य लिहून घेतलं, कारण तुटणे या क्रियापदाचा तो उपयोग चांगला होता.

कार्यालयात परत आलो तेव्हा मी अर्धी वीत हवेत होतो. संपादकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, "दुसरा कोण?"

दुसरा नव्हता. गावातली माणसं एकमेकांना ओळखणारी, ती मोजता येत नव्हती, आणि शेजारी राहणारा तिचा दीर तर घरचाच. मी पलीकडच्या तीन गावांत जाऊन आलो. तिथे लोंढा म्हणजे कुठलंही जोराचं पाणी. चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत गेली. खंड छापून झाला त्यात आमचा लोंढा असा होता: पाण्याचा मोठा व जोराचा ओघ, लाक्षणिक अर्थाने, माणसांचा मोठा जमाव. या लाक्षणिक अर्थाला मात्र साक्षीदारांची कमतरता नव्हती. कुठलंही वर्तमानपत्र उघडा, पुण्यात बाहेरून येणाऱ्या लोकांना लोंढे म्हटलेलं सापडायचंच. माणसं कोशात मानाने आली आणि पाणी पेटीत राहिलं.

निवृत्तीनंतर कार्यालय बंद पडलं. सामान हलवताना 'अपुरे'ची पेटी रद्दीत निघाली होती, ती मी घरी आणली. पेठेतलं आमचं घर भाड्याचं होतं, तेही सुटलं, आणि आठ वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको परवडेल तिथे राहायला गेलो. ते ठिकाण म्हणजे तेच गाव. आता त्याला गाव म्हणत नाहीत, अमुक-तमुक सोसायटी फेज दोन म्हणतात. ओढा गावकऱ्यांच्या तोंडी वढा, महापालिकेच्या कागदावर नाला आणि बिल्डरच्या माहितीपत्रकात 'वॉटर बॉडी' होता. त्याला दोन्ही बाजूंनी भिंती घालून अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यासारखा अरुंद केलेला. आमची इमारत अगदी काठावर. वाहनं ठेवायची जागा तळघरात, ओढ्याच्या पातळीच्याही खाली.

मला हे सगळं दिसलं. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा गॅलरीत उभं राहून मी बायकोला म्हणालो, "त्या पलीकडच्या घरात मला लोंढ्याचा अर्थ मिळाला होता." मला आठवलं ते एवढंच, आणि त्याचं मला कौतुक वाटलं. भीती वाटली नाही. आता रोज विचार करतो की भीती का वाटली नाही. उत्तर असं आहे की तो अर्थ मला माहीत नव्हताच. तो माझ्याकडे नोंदवलेला होता.

पलीकडची बाई तेव्हा साठी ओलांडलेली. जमीन विकून झाली होती, घर आणि दोन म्हशी उरल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात तिने मला ओळखलं. "चिठ्ठीवालं न्हवं का तुमी? आता हितंच का?" म्हणाली. आम्ही तिच्याकडूनच दूध घ्यायला लागलो. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला चिठ्ठीवाले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सगळी सोसायटी त्यांना सर म्हणायची. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. सर आणि मी रोज सकाळी फिरायला जायचो आणि रोज भांडायचो. ते म्हणत, "तुम्ही बारशाला गेलात तरी आधी नावाची व्युत्पत्ती विचाराल, मग पेढा घ्याल." मी म्हणायचो, "तुम्ही पेढ्यातली साखर मोजाल." दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. त्यानंतर सव्वा महिना वहिनींनी मला दोन्ही वेळचा डबा पाठवला आणि सर तो वर घेऊन यायचे. मी जेवेपर्यंत समोर बसायचे. एका शब्दाने सांत्वन केलं नाही. पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त केला, नळाचा वायसर बदलला, गॅसची नळी बदलली. त्या माणसाचं माझ्यावर जे ऋण होतं ते कुठल्या शब्दात बसवू, मला कळत नाही.

तो दिवस परतीच्या पावसाच्या सुमाराचा. पण आमच्याकडे आठवडाभर थेंब नव्हता. संध्याकाळचं ऊन समोरच्या इमारतींच्या टाक्यांवर पडलेलं, हवा कोंदट. मी गॅलरीत चहा पीत बसलो होतो. सर खाली आले, पिशवी हातात. मान वर करून त्यांनी विचारलं, "भाजी आणायला चाललोय. काही हवंय का?"

"कोथिंबीर आणा," मी म्हणालो.

"कोथिंबिरीची व्युत्पत्ती सांगा, मग आणतो."

ते तळघराच्या उतारावरून स्कूटर काढायला खाली गेले. त्यांची स्कूटर जुनी होती, दहा-बारा किका मारल्याशिवाय सुरू व्हायची नाही. मला तिचा आवाज ऐकू येऊ लागला. एक किक, दुसरी किक.

तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाने हाक आली. पुरुषाचा आवाज होता. तिकडच्या पडीक जमिनीवर त्या दिवसांत एक मेंढपाळ कळप घेऊन उतरला होता, परगावचा, कुणाच्या ओळखीचा नाही. "लोंढाऽऽ! लोंढा आलाऽऽ!"

मी आभाळाकडे बघितलं. स्वच्छ. ऊन. पाऊस नाही.

पुढे जे लिहायचं आहे ते मी अनेकदा लिहून फाडलं आहे. मला आनंद झाला. एकोणीस वर्षांनंतर दुसरा साक्षीदार मिळाला होता: परगावचा, मावशीला न ओळखणारा, बिनपावसाच्या पाण्याला लोंढा म्हणणारा. मी उठलो तो आत गेलो. टेबलाच्या खणात कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, अजूनही असतात. मी बसलो आणि लिहिलं: लोंढा. हाक, पुरुष, धनगर. आभाळ निरभ्र. घड्याळात बघून वेळ घातली, पाच बेचाळीस. बाहेरून आणखी एक हाक आली, या वेळी बाईची, जवळून. मावशीची. ती आपल्या दारातून आमच्या इमारतीकडे तोंड करून ओरडत होती. मला वाटलं, बरं झालं, उच्चार पुन्हा ऐकता आला. दोघंही ढ वर जोर देत होते. तेही लिहिलं. मग लक्षात आलं की सांगणाऱ्याचं वय राहिलं, म्हणून मेंढपाळ किती वर्षांचा दिसतो ते बघायला पुन्हा गॅलरीत आलो.

खालून किक मारण्याचा आवाज अजून येत होता.

तेव्हा तो दुसरा आवाज ऐकला. खडीवरून रिकामी ट्रॉली. मी ओरडलो. तेव्हा ओरडलो, "सर, वर या! सर!" पण तोवर ओढ्याच्या कडेची भिंत मधोमध फुगली आणि आडवी झाली आणि तांबडं पाणी उतारावरून तळघरात शिरलं. पाणी आत जाताना मी बघितलं. त्यात ओंडके होते, एक निळं पिंप होतं, कुठलं तरी दार होतं. किक मारण्याचा आवाज थांबला. पाच मिनिटांत तळघर छतापर्यंत भरलं आणि ओढ्यात पाणी पुन्हा नेहमीसारखं वाहायला लागलं, काही झालंच नाही असं.

अग्निशमन दलाचे लोक आले, पंप लागले. सर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, उतारापासून चार पावलांवर. स्कूटर त्यांनी सोडून दिलेली होती. म्हणजे ते निघाले होते. त्यांना वेळ पुरला नाही, आणि तो किती पुरला नाही हे माझ्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नाही. वॉचमनच्या मते भिंत पावणेसहाला पडली. माझ्या चिठ्ठीवर पाच बेचाळीस आहे. तीन मिनिटं. तळघरातून वर यायला सरांना एक पुष्कळ होतं. त्यांचं नाव घेऊन एकदा हाक मारायची होती. गॅलरीतून उतार दहा हातांवर आहे, आणि माझा आवाज पेठेतला, ठोकाठोकीच्या वरून बोलायची सवय असलेला.

पुढच्या तेरा दिवसांत इमारतीत एकच वाक्य फिरत होतं. जो भेटायला येई तो म्हणे, "कुणाला कल्पना होती?" सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, महापालिकेचे लोक म्हणाले, सरांचे जुने विद्यार्थी म्हणाले. कोरड्या दिवशी पाणी येईल हे कुणाला सुचणार? मी मान हलवायचो. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी सरांच्या विनोदबुद्धीबद्दल बोललो आणि शेवटी मीही म्हणालो की कुणालाच कल्पना नव्हती. हे वाक्य मी माइकवरून म्हटलं. त्याला तर पन्नास साक्षीदार आहेत.

मला स्वतःची शिसारी येते असं लिहिलं तर ते लेखकी वाटेल, पण येते. मी सकाळचं फिरणं सोडलं. दूध आणायला जाणं सोडलं, पिशवीचं घेऊ लागलो, कारण मावशीच्या समोर उभं राहायचं धैर्य नव्हतं. वहिनी जिन्यात दिसल्या तर किल्ली विसरल्यासारखं करून मी मागे वळायचो. ज्या बाईने सव्वा महिना मला जेवू घातलं तिला मी एकदाही विचारलं नाही की तुम्ही जेवलात का. त्यांचा मुलगा परदेशात, दिवस करून परत गेलेला. खाली त्या एकट्या होत्या आणि वर मी एकटा, मध्ये एक स्लॅब.

शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी मी खाली गेलो. ठरवून गेलो होतो की सांगायचं. त्यांनी दार उघडलं, "या" म्हणाल्या, पाणी दिलं. सरांच्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता. मी समोरच्या दिवाणावर बसलो आणि सगळं सांगितलं. हाक ऐकली, अर्थ ठाऊक होता, आत जाऊन चिठ्ठी लिहिली, वेळ लिहिली. काही वगळलं नाही. आनंद झाला होता हेही सांगितलं. सांगताना रडायला आलं, आणि रडण्याचा मला काय अधिकार, म्हणून राग आला.

माझं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मावशींची हाक मीही ऐकली होती. मी खिडकीतून वर बघितलं. ऊन होतं. म्हटलं, म्हशीला ओरडत असतील. कणीक मळत होते, तशीच मळत राहिले."

मी म्हणालो, "तुम्हाला कसं कळणार, वहिनी? तुम्हाला माहीत नव्हतं."

"हो. मला माहीत नव्हतं."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मी जावं अशी त्यांची इच्छा आहे. पण त्या चहा टाकून परत आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"यांचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पलीकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "मावशींना विचारलं की तुम्ही त्या दिवशी काय ओरडत होता. त्यांनी सांगितलं. बिनपावसाचं पाणी, हाक, सगळं. अर्ध्या तासाचं काम होतं. तिथून येताना मी वॉचमनला सांगितलं, मग प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून सांगितलं. तुमच्याकडेही आले होते. तुम्ही दार उघडलं नाहीत."

बेल वाजलेली मला आठवत होती. मी दाराच्या भिंगातून बघितलं होतं, त्या दिसल्या म्हणून श्वास धरून उभा राहिलो होतो.

"म्हणजे तुम्हाला माझं..."

"तेव्हापासून माहीत आहे. तुम्ही कधी येता ते बघत होते."

त्या शांत होत्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मी तो घेतला असता, मला तो हवाच होता.

"मी त्यांना म्हटलं, मावशी, इतकी वर्षं आम्ही इथे राहतोय, तुम्ही हे आम्हाला कधी बोलला नाहीत. तर त्या रडायला लागल्या. मला म्हणाल्या..." मावशीची बोली वहिनींना येत नव्हती, तरी त्यांनी ती तशीच, शब्दाला शब्द, सांगितली. "म्हणाल्या, 'बाई, म्या तुमच्यातल्याच येका माणसाला समदं सांगितलं व्हतं. त्यो तुमच्याच बिल्डिंगीत ऱ्हायाला आला तवा माझा जीव भांड्यात पडला. म्हनलं, लिवून न्हेलंय म्हंजी त्येनं समद्यास्नी सांगितलंच आसंल.'"